उजेडाची मजल

"कारेगाव," एबनेझरमामा म्हणाले आणि पडद्याकडे पाठ फिरवून बसले.

 आठवडाभर तेजश्रीने त्या स्फटिकाच्या चकतीची कड हिऱ्याच्या लेपाने घासली होती. चकती मसुराच्या दाण्याएवढी. तिच्यात लेझरचा उजेड सोडायचा, लेझर झटकन बंद करायचा आणि आत अडकलेला उजेड कडेकडेने गिरक्या घेत किती वेळ टिकतो ते मोजायचं. कड जितकी गुळगुळीत, तितक्या गिरक्या जास्त. हा वेळ इतका चिमुकला की सांगून कुणाला पटत नाही. म्हणून दोघांनी आपलं वेगळंच माप काढलं होतं. तेवढ्या वेळात उजेड कंपनीच्या गेटातून निघून नगर रस्त्याने सरळ गेला असता, तर कुठल्या गावाला पोचला असता?

परवा तो कारेगावच्या पुढे सरदवाडीपर्यंत गेला होता. आज त्याच्याही पुढचं शिरूर गाठलं नाही, तर साहेब तयार चकत्या परदेशातून मागवणार होते आणि ही खोली बंद करून तेजश्रीला परत पॅकिंगला धाडणार होते.

"प्रिझम अजून जवळ घे," मामा म्हणाले. "रेघ तरी ठळक दिसंल."

प्रिझम म्हणजे उजेड आत सोडायची आणि थोडा बाहेर काढून बघायची खिडकीच. बाहेर आलेला उजेड पडद्यावर रेघ होऊन दिसायचा. आज सकाळी दोघांनी ते चकतीला जवळजवळ खेटवलं होतं. तेजश्री मधल्या फटीकडे बघत राहिली आणि तिला स्वतःचाच राग आला. खिडकी जवळ, म्हणजे तिच्यातून उजेड पळणारच. तो नीट दिसावा म्हणून आपणच त्याला बाहेर ओढतोय.

"मामा, मी लांब नेते."

"लांब? मग काय दिसायचं न्हाई."

"थोडं दिसलं तरी बास हाय."

तिने स्क्रू हलक्या हाताने उलटा फिरवला. रेघ बारीक होत चालली. "गेली बघ, गेली," मामा पुटपुटले. तिचा हात थांबला नाही. रेघ आता असून नसल्यासारखी झाली. तेव्हा तिने लेझर बंद केला.

मघाशी रेघ धाडकन खाली आली होती. आता ती सावकाश उताराला लागली आणि उतरता उतरताच पडद्याबाहेर गेली. तेजश्रीने पडद्यावरचा वेळ वाढवला, पुन्हा मोजलं. परत एकदा मोजलं. तेच. तिला हसू आवरेना. मामांनी मोबाईलवर हिशेब केला, पुसला, पुन्हा केला आणि उठून उभे राहिले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "पोचला का शिरूरला?"

मामांनी घसा खाकरला. "शिरूरला थांबतोय कुठं, साहेब. घोड नदीचा पूल ओलांडून नगर जिल्ह्यात गेला त्यो."