दाराशी ठेवलेलं गाठोडं

सरजाबाईने दाराशी ठेवलेलं गाठोडं सोडलं, कालच्या भाकरी बाहेर काढल्या आणि आत ताज्या ठेवल्या. मिठाची पुरचुंडी, काड्यापेटी, चादर, रेशनकार्ड आणि चौकटीतून काढलेला बाबासाहेबांचा फोटो, हे सगळं होतं तिथेच राहू दिलं. कालच्या भाकरी नवऱ्यापुढे सरकवल्या.

"आठ दिस झाले," रंगनाथ म्हणाला. "ताजी भाकर गाठोडं खायलंय आन् शिळी आमी."

"पळायच्या दिवशी मिळंल की ताजी."

"मग एकदाचं होऊन जाऊ दे. दात तरी वाचतील."

विद्यापीठ औरंगाबादेत होतं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं मुंबईत. घरं मात्र इकडच्या खेड्यांत पेटत होती, बौद्धांची. पलीकडच्या गावचा धूर परवा इथून दिसला होता. या वस्तीतल्या कुणी विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं. पेटवणाऱ्यांनीही नव्हतं. तेवढ्यापुरती गावात समता होती.

रंगनाथ जेवत असतानाच व्यंकटराव आले. त्यांच्याच शेतावर तो सालगडी होता. ते अंगणात थांबले. पाऊस नव्हता, तरी छत्री उघडीच होती.

"रंगनाथ, परभणीला बहीण हाय न्हवं तुझी?"

"हाय, मालक."

"लय दिस गेला न्हाईस. बायकोला घेऊन ये जाऊन."

"कवा जाऊ?"

"आजच जा. दिवस बुडायच्या आत."

रंगनाथने ताट बाजूला सारलं. "मालक, तुमी सांगितलं तर ऐकतील की पोरं. त्यात आपला भुजंगबी हाय म्हणतेत."

"लेकरू मोठं झालं आता. बापाचं कुठं ऐकतंय."

व्यंकटराव निघाले. चार पावलं गेले आणि पुन्हा मागे वळले.

"आन् हे बघ, जाताना कुलूप घालू नको. नुसती कडी लाव. दार सागवानी हाय, उगं फोडतील."

ही काळजी मात्र खरी होती. दार त्यांनीच दिलेलं होतं, भुजंगच्या लग्नात वाड्याला नवं बसवलं तेव्हा.

"बरं, मालक," रंगनाथ म्हणाला.

ते दिसेनासे झाल्यावर सरजाबाईने खुंटीवरचं कुलूप काढलं, गाठोड्यात घातलं आणि गाठ आवळली. किल्ली तिने नेहमीसारखी कमरेला खोचली.