भिंतीवरचा निळा गोल

पाणाड्या कडूबा तळहातावर नारळ आडवा ठेवून रान चालायचा. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. गावाच्या पिण्याच्या विहिरीमागच्या माळावर मात्र तो कधीच उभा राहिला नाही, म्हणून तीस वर्षांत तिथे कुणी खणलं नाही.

१९९४ साली मी कॉलेजचं पाणी शोधायचं यंत्र घेऊन भोकरदन तालुक्यातल्या त्या गावी गेलो, तर भरपूर पाणी निघालं ते त्याच माळाखाली. कडूबानं मला बाजूला घेतलं. "सर, हे कुनाला सांगू नका."

धंदा बुडायची भीती, दुसरं काय! "कडूबा, ज्ञान लपवायचं नसतं," असं त्याला चारचौघांत सुनावून मी शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला आणि माळावर ठळक निळा गोल काढला. लोक कडूबाला हसले.

दोन वर्षांत माळावर एकोणीस बोअर झाले. तिसऱ्या उन्हाळ्यात, शेजारच्या गावात असाच नकाशा रंगवून परतताना, मी तिथे थांबलो. सगळे बोअर आटले होते. बहात्तरच्या दुष्काळातही न आटलेली विहीर कोरडी पडली होती आणि कडूबा तिच्या काठावर बसला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या माळावर तुमचा नारळ उभा कसा राहिला नाही हो?"

 

"हर टायमाला राह्यचा, सर. या इहिरीपायी मीच अंगठ्यानं दाबून धरायचो."