पॅरिसची शेवटची जागा

छप्पन साली डोंबिवलीचं एक तरुण मंडळ पॅरिस बघायला बोटीने निघणार होतं आणि एकच जागा उरली होती. ती कुणाला द्यायची, हे मंडळाची चिटणीस कुमुद ठरवणार होती. ठाण्याहून जनार्दन आला, तेव्हा तिने त्याला दारातच ओळखलं. त्याने काही तिला ओळखलं नाही.

"त्या खिडकीपर्यंत जरा चालून दाखवा," ती म्हणाली. "तिकडे पायपीट फार असते."

तो चालला. मग तिने चष्मा काढायला लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घेतलं, स्वयंपाक येतो का विचारलं, आणि बोटीवर करमणूक हवी म्हणून गाणंही म्हणायला लावलं. घामाघूम होत, बेसूर का होईना, त्याने अख्खं भावगीत म्हटलं. आयफेल टॉवरसाठी माणूस काय करणार नाही.

"मग माझं नक्की धरू ना?" त्याने विचारलं.



"आम्ही घरी बोलून कळवतो," कुमुद म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मी गाणं म्हटलं, तेव्हा पोह्यांची दुसरी बशी संपवून तुमच्या आई असंच म्हणाल्या होत्या. आमचे अण्णा अजून पोस्टमनची वाट बघताहेत."