वीतभर शिवण
मशीनचा आवाज मध्येच थांबला, तेव्हा मला कळलं की बायको गेली. विमानतळावरच्या बिझनेस क्लास लाउंजच्या खुर्च्यांची कव्हरं आम्ही दोघं शिवत होतो. शेवटच्या कव्हरवरची तिची अर्धवट शिवण मी हातानेच कशीबशी पुरी केली. आज मुलाकडे जायला त्याने पाठवलेल्या तिकिटावर त्याच लाउंजमध्ये आलो, गुडघे टेकून एकेक खुर्ची पाहू लागलो. “काका, काही पडलं का?” तिथल्या मुलीने विचारलं. “बायकोचं काम शोधतोय.” खिडकीजवळ माझे वाकडे टाके सापडले, तेही उसवलेले. “सुईदोरा आहे?” “इथे सुई चालत नाही. कॉफी आणू?” “कॉफीने शिवता येत नाही, पोरी. ही खुर्ची माझ्या दुकानात पाठवायला सांग.” मुलाला फोन लावला. “परतीचंही तिकीट काढ.” “बाबा, कायमचे येताय ना? तिथे एकटे काय करणार?” “शिवणार.” तिची वीतभर शिवण अजून राहिली आहे.