पुलावरचा पहारेकरी

गोळी लागली आणि पुलावरचा पहारेकरी फुस्स झाला. खरंच फुस्स. पांढऱ्या धुराचा एक गोळा उठला, टिंग असा आवाज आला आणि पूल मोकळा.

"झकास!" खेळगडी म्हणाला. "एवढा एकच आहे होय? अजून चार-पाच तरी टाकायचे."

खेळगडी हा काही त्याचा हुद्दा नव्हे. कागदोपत्री तो तांत्रिक सहायक. पण व्हिडिओ गेमला वयाचा दाखला देणाऱ्या त्या ऑफिसात परीक्षक स्वतः खेळत नसत. ते बघत, आणि खेळायला हा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, दोन मुलींचा बाप. अकरा वर्षांत त्याने पडद्यावर किती जणांना यमसदनी धाडलं असेल, देव जाणे. आणि पाच वाजले की डबा पिशवीत घालून हा बाबा निमूटपणे घरी.

शेजारी परीक्षक बाई पेन उघडून बसल्या होत्या. ऑफिसात त्यांना मागून कात्रीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. नियमावली त्यांना तोंडपाठ. रक्त दिसलं, अठरा वर्षं. विव्हळणं ऐकू आलं, अठरा. मेलेला माणूस तीन सेकंदांहून जास्त पडून राहिला, अठरा. यातलं काहीच नसेल तर बारा. मग हजार मारा नाहीतर लाख मारा, त्याला रकाना नव्हता.

समोर खुर्चीच्या अगदी कडेवर खेळ बनवणारी बसली होती. तिशीची असेल. तीन आठवड्यांपूर्वी ती हाच खेळ घेऊन आली होती. तेव्हा पहारेकऱ्याचा धूर झाला नव्हता. तो कोसळला होता. कठड्याला धरून उठायला बघत होता. आईला हाका मारत होता, आधी मोठ्याने, मग हळू. पुढे जायचं तर त्याला ओलांडूनच जावं लागत होतं. खेळगड्याने हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं. "जरा पाणी पिऊन येतो," म्हणाला, आणि गेला तो अर्धा तास फिरकलाच नाही.

बाईंनी तेव्हा अठरा लिहिलं होतं.

"मॅडम, अठरा दिलेत तर शाळेत, लायब्ररीत कुणी उभं करणार नाही मला," ती काकुळतीला आली होती. "मोठ्यांसाठी नाहीच हो बनवलेला. माझ्या आजोबांनी लढाईत एकच माणूस मारला, अशाच एका पुलावर. त्याचं नाव काय असेल, एवढंच म्हातारपणी विचारत बसायचे. मुलांना तेवढंच सांगायचंय मला."

बाई काही विरघळल्या नाहीत. असे आजोबा त्यांनी पुष्कळ ऐकले होते. "रक्त काढा, ओरडणं काढा, प्रेत काढा. बारा देते," त्या म्हणाल्या होत्या.

आणि तिने काढलं होतं सगळं. आज ती पडद्याकडे बघतही नव्हती. आपल्या चपलांकडे बघत होती.

"परत एकदा घेऊ?" खेळगड्याने विचारलं. तपासणीला एकदाच पुरे असतं. हे त्याला हवं होतं म्हणून. बाई हो म्हणायच्या आत त्याने बटण दाबलंही. फुस्स. टिंग. तो खुदकन हसला.

बाईंना नात आठवली. रविवारी ती सोफ्यावर मांडी घालून खेळत होती. बारा वर्षांची, आणि तिच्या हातातला खेळही बाईंनीच बाराचा दाखला दिलेला. "किती मारलेस गं?" त्यांनी सहज विचारलं होतं. "कोण मोजतंय, आजी?" तिने मानही वर केली नव्हती. तेव्हा बाईंना त्या उत्तराचं कौतुक वाटलं होतं, शेजारणीला सांगितलंही होतं. आता स्वतःचीच लाज वाटली.

"तो पहिला आठवतो का हो तुम्हाला?" त्यांनी खेळगड्याला विचारलं.

त्याचा अंगठा बटणावरच थांबला. "आठवतो म्हणजे काय, मॅडम. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. धाकटी विचारत होती, बाबा, काय झालं म्हणून."

"आणि हा?"

"हा काय, मस्तच आहे. पोरींना देईन की खेळायला."

बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि वयाच्या चौकटीत अठरा लिहिलं.

खेळ बनवणारीचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, अहो, तुम्ही म्हणालात ते सगळं काढलं मी! एक थेंब ठेवला नाही!"

"बघितलं मी. पहिला आहे का अजून, की पुसून टाकलात?"

"आहे." तिने पिशवी छातीशी धरली. "पुसवला नाही माझ्याने."

"लावा तो. त्याचा नवा फॉर्म भरू."

"मॅडम, नियमावलीत हे बसायचं नाही," खेळगडी खाली वाकून कुजबुजला. "साहेब फाडून खातील."

"साहेबांना म्हणावं, या खुर्चीत बसून एकदा खेळा. पाणी मी आणून देते."

खेळ बनवणारीला अजून काही उमगत नव्हतं. ती अर्धवट उठून उभी होती. "पण मॅडम, त्यात सगळं तसंच आहे हो. तो पडून राहतो. आईला हाका मारतो."

"मारू दे हाका," कात्रीबाई म्हणाल्या आणि कोऱ्या फॉर्मवर, वयाच्या चौकटीत, त्यांनी बारा लिहिलं.