दार नसलेली गुहा

गेममधले लांडगे हात धुऊन थोरलीच्या मागे लागले होते आणि तिचा जीव उरला होता बोटभर. तिने कड्याला पाठ लावली. असं टेकून खाली बसायचं आणि उठता उठता उडी मारायची, की माणूस खडकातून आरपार, आतल्या गुहेत. गेम बनवणाऱ्यांची ही चूक दोघी बहिणींनीच शोधलेली. अबोला सुरू झाल्यापासून धाकटी इकडे फिरकली नसणार, म्हणजे गुहेतला तिच्या वाटणीचा साठाही आयताच आपला.

पहिली उडी फसली. लांडग्याने लचका तोडला. दुसऱ्या उडीला ती आत पडली.

आत शेकोटी पेटलेली होती. या गेममध्ये रोज लाकूड घातलं नाही, तर शेकोटी विझते.

हेडफोनमध्ये धाकटीचा आवाज आला, "ताई, किती दिवस मी एकटीनंच लाकडं घालायची गं?"