यंत्रासाठी मलिदा

"सापडली का रे चूक?" सोफीबाईंनी भाकरी वाढत विचारलं.

"नाही, आई," राफेल म्हणाला, आणि सोफीबाईंचा जीव भांड्यात पडला.

वरवर मात्र त्या हळहळल्या. पनवेलच्या कारखान्यात आदल्या वर्षी, अडुसष्ट साली, कॉम्प्युटर आला होता. तो कळायचा एकट्या त्यांच्या राफेलला. आता कॉम्प्युटरच अडून बसला होता, आणि तो चालू झाल्याशिवाय साहेब राफेलचा राजीनामा घेणार नव्हते. त्याचं मेअखेरच्या विमानाचं तिकीट तर आलेलं. थोरल्या मुलानं, शालोमनं, ते इस्राएलहून पाठवलं होतं.

"तुला एकटं टाकून कसा जाऊ?" राफेलनं एकदा विचारलं होतं.

"माझ्यासाठी थांबलास तर अन्नाला शिवणार नाही," सोफीबाईंनी ठणकावलं. मग दार लोटून त्या एलियाहू हन्नबीला नवस बोलल्या. विमान जाईपर्यंत यंत्र बंदच राहू दे, मी मलिदा करीन. त्या बिचाऱ्या संदेष्ट्याकडे असलं मागणं आजवर कुणी मागितलं नसेल.

राफेल रोज जेवताना त्या बिघाडाचं पुराण लावी.

"त्यात सगळ्या प्रोग्रॅमांवर एक मुकादम असतो, आई. कुणाला किती जागा, कुणाची पाळी आधी, हे तो ठरवतो. तोच मध्येच गप्प होतो."

"मग हाकला मेल्याला."

"त्याच्याशिवाय यंत्राचं पान हलत नाही. एकाला दिलेली जागा तो दुसऱ्यालाही देत असणार. एकेक प्रोग्रॅम बाजूला काढून बघतोय."

सोफीबाईंना त्या मुकादमाबद्दल फार माया वाटू लागली.

नवसाची गोष्ट ठाऊक होती फक्त दमयंतीला. उरणची ही कोळीण सोफीबाईंसाठी आठवणीनं त्यांच्या धर्मात चालणारी खवल्याची मासळी बाजूला ठेवी.

"पोराची नोकरी जाईल ना गो!" ती एकदा चिडून म्हणाली. "नवस मागं घे. देव काय रागावनार नाय."

सोफीबाईंनी वर पाहिलं. राफेल शीळ घालत छपरावरची कौलं चाळत होता. एवढ्या संकटात आईचं घर गळू नये म्हणून धडपडणारं पोर! त्यांना स्वतःची लाज वाटली. पण नवस काही मागे घेववेना.

विमान गेलं. त्या दिवशी सोफीबाईंनी देवाचे मनापासून आभार मानले आणि पदरात तोंड घालून रडल्याही. आठवड्यानं राफेल हसत घरी आला.

"सापडली, आई! चाललं यंत्र. आता तिकडचं पुढं कधीतरी बघू."

लगेच मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. आतल्या खोलीत राफेल आणि आळीतले पुरुष प्रार्थना म्हणत होते. सोफीबाई ओट्यावर आल्यागेल्याला प्रसाद देत होत्या. इतकं भरून पावल्यासारखं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

राफेलच्या हाताखालचा कमळाकर उशिरा आला. बाजारात भेटला तेव्हा त्यांनीच त्याला आमंत्रण दिलं होतं. त्याच्या ओंजळीत त्यांनी मूठभर जास्तच घातला.

"कसला हो मलिदा, मावशी?"

"तुमचं यंत्र सुरू झालं ना, त्याचा!"

कमळाकरनं घास तोंडात टाकला आणि मजेत मान हलवली.

"मग फारच उशिरा केलात की! राफेलनं तर ते बिघडलं त्याच दिवशी, दुपारच्या चहाआधी सुरू केलं होतं."